निगेटिव्ह म्हणजे नाही?

एकतीस वर्षं मी लोकांचा बेडका तपासला. १९८४ साली सीमाभागातल्या एका तालुक्याच्या दवाखान्यात प्रयोगशाळा तंत्रज्ञ म्हणून लागलो आणि २०१५ साली निवृत्त झालो. एवढ्या काळात किती स्लाइडी डोळ्यांखालून गेल्या त्याचा हिशेब मी ठेवला नाही. त्यांतल्या बहुतेकींच्या कागदावर मात्र एकच शब्द लिहिला : निगेटिव्ह. माझी आजची तक्रार या शब्दाविरुद्ध आहे. तो लिहिणाऱ्या, वाचणाऱ्या आणि ऐकून निर्धास्त होणाऱ्या आपणा सर्वांविरुद्धही आहे. त्यात पहिला मी.

फराळाच्या ताटाशेजारी बेडक्याची गोष्ट ज्यांना नको वाटत असेल त्यांनी पान उलटावं, पुढं चांगल्या कथा आहेत. बाकीच्यांना माझं म्हणणं सरळ सांगतो. ज्याच्या अंगात एचआयव्ही आहे, त्याच्या थुंकीत जंतू दिसले नाहीत म्हणून त्याला क्षय नाही असं ठरवणं ही चूक आहे. साधीसुधी नव्हे, जिवावर बेतणारी. एचआयव्ही असलेली माणसं जगभर ज्या रोगानं सर्वांत जास्त मरतात तो रोग क्षय आहे. कॅन्सर नव्हे, काही दुर्मीळ विकार नव्हे. आपल्या आजोबा-पणजोबांना माहीत असलेला, सहा महिन्यांच्या गोळ्यांनी बरा होणारा क्षय.

आधी स्लाइड म्हणजे काय ते सांगतो, कारण त्यावाचून पुढचं कळणार नाही. बेडका काचेवर पसरायचा, ज्योतीवरून फिरवून पक्का करायचा, वर लाल कार्बोल फुक्सिन ओतून वाफ येईपर्यंत तापवायचं, मग गंधकाम्लानं धुऊन शेवटी निळा रंग द्यायचा. क्षयाच्या जंतूचं कवच मेणचट. एकदा घेतलेला लाल रंग तो आम्लानंही सोडत नाही. निळ्यावर बारीक लाल काड्या दिसल्या की झालं. रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये हा जंतू जाहीर केला, आणि रंगवण्याची ही रीत झील व नील्सन यांनी पुढच्या वर्षभरातच बसवली. म्हणजे मी नोकरीत जे करत होतो ते शंभर वर्षांपूर्वीचं होतं. रीत वाईट नाही. स्वस्त आहे, खेड्यात चालते, आणि लाल काडी दिसली तर सहसा खोटं बोलत नाही.

अडचण दिसत नाही तेव्हाची आहे. स्लाइडवर जंतू सापडायला एका मिलिलिटर बेडक्यात साधारण पाच ते दहा हजार जंतू असावे लागतात. दोन हजार असले तर मी शंभर फील्ड बघितली काय नि दोनशे बघितली काय, हाती काही लागेलच असं नाही. एवढे जंतू कुणाच्या बेडक्यात असतात? ज्याच्या फुप्फुसात पोकळी पडली आहे त्याच्या. आणि ही पोकळी निव्वळ जंतू पाडत नाही. शरीर त्याच्याशी झुंजतं, त्या झुंजीत फुप्फुसाचा तुकडा विरघळतो आणि ती पडते. एचआयव्हीनं सीडी-४ पेशी खाल्ल्या की झुंज देणारंच कुणी उरत नाही. पोकळी पडत नाही, बेडक्यात जंतू तुरळक उतरतात. जंतू मात्र रक्तातून मानेच्या गाठींत, छातीच्या पडद्यात, आतड्यांत, मेंदूच्या आवरणात खुशाल जाऊन बसतात. एक्स-रे सुद्धा कधीकधी स्वच्छ दिसतो. हातावर टोचायची मांटूची चाचणीही फुगत नाही, कारण फुगवायलाही शरीरात ताकद लागते. म्हणजे माणूस जितका खंगलेला तितका त्याचा कागद कोरा, असं उफराटं घडू शकतं.

हे मला नोकरीत असताना ठाऊक होतं. प्रशिक्षणात सांगितलं होतं, वहीत लिहून घेतलं होतं.

माझा थोरला भाऊ पुणे-बंगळूर रस्त्यावर लॉरी चालवायचा. २००३ साली तो गेला. गावाला आम्ही सांगितलं, कावीळ झाली होती. तो गेल्यावर वहिनीला मीच पलीकडच्या शहरात नेऊन रक्त तपासून आणलं. एचआयव्ही होता. घरात आई, मी आणि माझी बायको एवढ्यांनाच ते माहीत. पुतणीचं लग्न व्हायचं होतं. आईनं देवासमोर आमच्याकडून शब्द घेतला की हे या भिंतींबाहेर जाणार नाही. मी शब्द दिला.

वहिनी विड्या वळायची. आमच्या भागात हे घरोघर चालतं, आणि निपाणीकडच्या वखारींत तंबाखूच्या धुळीत राबणाऱ्या बायकांचा खोकला तर कायमच तंबाखूच्या खात्यावर जमा होतो. २००५ च्या पावसाळ्यात तिला संध्याकाळचा ताप यायला लागला. खोकला फारसा नव्हता. रात्री अंथरूण भिजायचं, हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. शेवटी दिवाळीनंतर ती आमच्याच दवाखान्यात आली. तेव्हा नियम होता तीन आठवड्यांचा खोकला आणि तीन नमुने : एक जागेवर, एक सकाळचा, एक पुन्हा जागेवर. दवाखान्यामागच्या उघड्या जागेत, चार लोक बघताहेत, अशा ठिकाणी पदर तोंडाशी धरून बायका डबीत काय देणार? बेडका छातीतून यावा लागतो, आणि त्यांच्या डबीत असते तोंडातली लाळ. तिचंही तसंच. मी काही बोललो नाही, कारण दिराने भावजयीला ‘छातीतून खाकरून काढा’ म्हणायचं कसं!

तिन्ही स्लाइडी मीच बघितल्या. जंतू नव्हते. तिनं दारातून विचारलं, “भाऊजी, काय आलं हो?” मी म्हटलं, “निगेटिव्ह आहे वहिनी. काळजी करू नका.” तिच्या चेहऱ्यावर जो आनंद आला तो मी कधी विसरणार नाही. डॉक्टरांनी कागद बघितला, एक्स-रे बघितला, छातीत विशेष काही नाही म्हणाले आणि अँटिबायोटिक लिहून दिलं. त्यांना एचआयव्हीचं माहीत नव्हतं. मला होतं. त्यांच्या टेबलापासून माझं टेबल वीस पावलांवर. ती वीस पावलं मी चाललो नाही.

फेब्रुवारी २००६ मध्ये ती डोकेदुखीनं किंचाळायला लागली, मान ताठली, मग माणसं ओळखेना. मोठ्या शहरात नेली. तिथं पाठीतून पाणी काढलं, मेंदूच्या आवरणाचा क्षय निघाला. अकराव्या दिवशी गेली. तिच्या मानेत कानाखाली बोराएवढ्या तीन गाठी होत्या हे मला नंतर बायकोनं सांगितलं. ऑगस्टपासून होत्या म्हणे. त्या गाठीत सुई घालून चार थेंब काढले असते तर लाल काड्या कदाचित तिथं सापडल्या असत्या.

आता कुणी म्हणेल, ते दिवस वेगळे होते. काही अंशी खरं आहे. पुष्कळ बदललं. नमुने आता दोन घेतात, आणि सर्वसामान्य माणसाला तीनऐवजी दोन आठवड्यांच्या खोकल्यावर तपासतात. एचआयव्ही असलेल्याला तर आठवडे मोजायचेच नाहीत : खोकला कितीही दिवसांचा असो, किंवा खोकलाच नसो पण ताप, वजन उतरणं, रात्रीचा घाम यांतलं एखादं असो, क्षयाचा शोध सुरू करायचा. जागतिक आरोग्य संघटनेनं हे २०११ सालीच लिहून ठेवलं आहे. शिवाय यंत्रं आली. जंतूचा जनुकीय अंश ओळखणारं जीनएक्सपर्ट २०१० च्या डिसेंबरात संघटनेनं मान्य केलं. सुमारे दोन तासांत निकाल देतं, आणि रिफाम्पिसिन लागू पडेल की नाही तेही सांगतं. २०२० साली मान्यता मिळालेलं ट्रूनॅट तर आपल्या शेजारच्या गोव्यातल्या कंपनीचं, बॅटरीवर चालणारं, तालुक्याच्या ठिकाणी ठेवता येईल असं. एचआयव्ही असलेल्याची पहिली तपासणी स्लाइडवर न करता अशा यंत्रावर करावी, हे आता राष्ट्रीय कार्यक्रमाचं धोरण आहे.

पण यंत्र आलं तरी मनातला तो शब्द गेलेला नाही. जिथं स्लाइडवर काही दिसलं नाही पण कल्चरमध्ये जंतू उगवला, अशा क्षयात जीनएक्सपर्ट तिघांतले साधारण दोघे पकडतं. तिसरा? तो यंत्राचा छापील कागद घेऊन घरी जातो. माझ्या हस्ताक्षरापेक्षा त्या कागदावर लोकांचा विश्वास जास्त, एवढाच फरक. आणि यंत्राला काय द्यायचं हे माणसानंच ठरवायचं असतं. गाठ मानेत असताना डबीत लाळ घेतली तर गोव्याचं यंत्र काय करील नि अमेरिकेचं काय करील? गाठीतला द्रव, पाठीतलं पाणी, हेही त्यात घालता येतं. त्यासाठी आधी कुणीतरी मानेला हात लावून बघायला हवा. लघवीच्या पट्टीवर अर्ध्या तासाच्या आत निकाल देणारी लॅम नावाची एक चाचणी आहे, आणि फार खंगलेल्या एचआयव्ही रुग्णांसाठी ती २०१५ पासून शिफारशीत आहे. आफ्रिकेतल्या चार देशांत इस्पितळात भरती झालेल्या अशा रुग्णांवर ती वापरून बघितली, तेव्हा आठ आठवड्यांतले मृत्यू शंभरात २५ वरून २१ वर आले. शंभरात चार माणसं म्हणजे थोडी नव्हेत. आमच्या तालुक्यात ही पट्टी मी डोळ्यांनी बघितलेली नाही.

डॉक्टरमंडळींचा एक आक्षेप मला माहीत आहे. ‘मग काय, पुरावा नसताना सगळ्यांना क्षयाच्या गोळ्या सुरू करायच्या?’ नाही. तसं करूनही बघितलं गेलं आहे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या, भारतासह दहा देशांतल्या एका अभ्यासात अगदी कमी सीडी-४ असलेल्या, पण तपासणीत क्षय न आढळलेल्या लोकांपैकी निम्म्यांना सरसकट क्षयाचे पूर्ण उपचार दिले, बाकीच्यांना फक्त प्रतिबंधाचं आयसोनियाझिड. मृत्यूंत फरक पडला नाही. तेव्हा आंधळा गोळीबार मीही मागत नाही. मी शोध मागतो. गाठ, पोट, छातीचं पाणी, मान, वजनाचा काटा सगळं बघून झाल्यावर लक्षणं क्षयाचीच असतील, तर कागद कोरा असतानाही आपल्या अनुभवाच्या बळावर उपचार सुरू करण्याचा अधिकार डॉक्टरला नियमांनीच दिलेला आहे. तो वापरायला धीर लागतो. ‘रिपोर्ट निगेटिव्ह आहे’ म्हणायला लागत नाही.

आता आपल्याकडे वळतो, कारण सगळं खापर दवाखान्यावर फोडलं तर मी पुन्हा वीस पावलं न चालल्यासारखं होईल.

आपण सीमाभागातली माणसं दोन राज्यांत जगायला सरावलेली आहोत. लग्न इकडं, बाजार तिकडं, शाळा इकडं, देव तिकडं. रोगाच्या बाबतीत या सवयीनं घात केला आहे. बेळगाव, बागलकोट, सांगली हे तिन्ही जिल्हे एकेकाळी नाकोच्या ‘अ’ वर्गात, म्हणजे सर्वाधिक लागणीच्या यादीत होते. घराघरांत हा विषय होता. इकडचा माणूस ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून एआरटीच्या गोळ्या सीमेपलीकडून आणतो, तिकडचा इकडून नेतो. ताप आला की मात्र गावातल्या डॉक्टरकडं जातो आणि गोळ्यांचं नाव काढत नाही. एक फाइल मराठीत, एक कन्नडात, चिठ्ठ्या इंग्रजीत, आणि त्या एकमेकींना कधी भेटत नाहीत.

फाइली न भेटल्यानं काय होतं ते ऐका. क्षयाच्या औषधांतलं मुख्य औषध रिफाम्पिसिन. ते यकृताला असं कामाला लावतं की दुसरी कितीतरी औषधं अंगातून लवकर बाहेर फेकली जातात. आता सर्रास दिल्या जाणाऱ्या एचआयव्हीच्या गोळीत डोल्युटेग्राविर असतं. रिफाम्पिसिन चालू असताना ते दिवसातून एकदाऐवजी दोनदा घ्यावं लागतं, क्षयाचे उपचार संपल्यावरही आणखी दोन आठवडे. क्षयाच्या डॉक्टरला एचआयव्ही सांगितला नाही, तर ही दुसरी गोळी कोण देणार? रुग्ण दोन्हीकडची औषधं इमानदारीनं घेतो आणि एचआयव्ही आतून डोकं वर काढतो. मग आपण म्हणतो, नशीब.

लपवणाऱ्यांना नावं ठेवून मात्र मी मोकळा होणार नाही. मी स्वतः लपवलं. आणि का लपवलं तेही मला माहीत आहे. माझ्याच नोकरीच्या काळात मी खाटेच्या टोकाला लाल शाईनं लिहिलेलं बघितलं आहे. केसपेपरवर कोपऱ्यात खूण करायची आणि त्या खुणेचा अर्थ चहावाल्या पोरापर्यंत सगळ्यांना ठाऊक असायचा. ज्या दवाखान्यात गुपित टिकत नाही तिथं लोक गुपित सांगत नाहीत, यात चूक लोकांची कमी आहे. २०१७ चा एचआयव्ही कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. रुग्णाच्या संमतीवाचून त्याची लागण उघड करणं आणि तिच्यापायी त्याला उपचार, नोकरी नाकारणं आता बेकायदा आहे. दवाखान्याच्या भिंतीवर हे कन्नडात, मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असावं अशी मागणी आपल्या किती संस्थांनी केली? पाट्या कुठल्या भाषेत असाव्यात यावर आपण साठ वर्षं भांडलो, आणि मीही त्या मोर्चांत होतो. २००४ साली सीमाप्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. त्याच वर्षी १ एप्रिलपासून देशातल्या आठ सरकारी रुग्णालयांत एआरटी मोफत मिळायला लागली. पहिल्या बातमीवर आमच्या कट्ट्यावर महिनोन्‌महिने चर्चा झाली. दुसरी मी कट्ट्यावर कुणाच्या तोंडून ऐकली नाही, आणि स्वतःही काढली नाही. वहिनी तेव्हा जिवंत होती.

२०२२ साली आमच्या गल्लीतला एक मुलगा संध्याकाळच्या अंधारात माझ्याकडं आला. तिशीचा, ट्रकवर क्लीनर होता, नंतर ड्रायव्हर झाला. “काका, तुम्ही लॅबमध्ये होता ना? हे बघा की जरा,” म्हणत त्यानं खिशातून घडी घातलेला कागद काढला. बेडका निगेटिव्ह. मी त्याला बनियन काढायला लावलं आणि मानेवर हात फिरवला. गाठ होती. मग त्याला सरळच विचारलं. बराच वेळ गप्प बसून तो म्हणाला, पाच महिन्यांपूर्वी पलीकडं कळलं, गोळ्या आणल्या, पण खोली बदलताना बायकोला दिसू नयेत म्हणून टाकून दिल्या.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्यासोबत गेलो. पलीकडची फाइल इकडच्या टेबलावर ठेवली. गाठीतला द्रव यंत्रात घातला, क्षय निघाला. आधी क्षयाची औषधं, मग दोन आठवड्यांच्या आत एआरटी, असा हल्लीचा क्रम आहे. मेंदूच्या क्षयातच तेवढी एआरटी चार ते आठ आठवडे मागं ठेवतात. एआरटी सुरू झाल्यावर तिसऱ्या आठवड्यात गाठ लिंबाएवढी झाली, ताप चढला. त्याची आई माझ्या दारात येऊन रडली, “औषधानं उलटं पडलं हो, बंद करूया.” किती घरांत याच जागी औषधं बंद होत असतील! हे उलटं पडणं नसतं. निजलेलं शरीर एआरटीनं जागं होतं आणि लपलेल्या जंतूवर तुटून पडतं, त्याची ही सूज. डॉक्टरांना दाखवायचं, ते लागल्यास स्टेरॉइड देतात, पण औषधं आपल्या मनानं सोडायची नाहीत. त्यानं सोडली नाहीत. बायकोला सांगितलं, तिचीही तपासणी झाली, ती निगेटिव्ह आली. हा निगेटिव्ह मी तीन महिन्यांनी पुन्हा तपासायला लावला, माझी खोड आता जात नाही. क्षयाची औषधं पूर्ण झाली. एआरटी जन्मभर चालायची आहे, ती चालू आहे. गेल्या महिन्यात त्यानं मुलीच्या बारशाचे पेढे आणून दिले.

माझी दृष्टी आता मायक्रोस्कोपला पुरत नाही, पण कागद वाचता येतो. मराठी, कन्नड, इंग्रजी तिन्ही. कुणाला दोन गावच्या दोन फाइली शेजारी ठेवून बघायच्या असतील तर संध्याकाळी पाचनंतर मी घरी असतो. पत्ता संपादकांकडं दिला आहे. नाव विचारत नाही.